मागाची मोटर किती अँपिअर घेते?

दोन-तीनशे रुपयांत मिळणारा तो लहानसा डिजिटल मल्टिमीटर, ज्याच्यावर डीटी ८३०डी असं लिहिलेलं असतं, तो एसी करंट मोजतच नाही. डायलवर नीट बघितलं की कळतं. एसी व्होल्टची २०० आणि ७५० अशी दोन घरं आहेत, डीसी व्होल्ट आहेत, ओहम आहेत, १० अँपिअरचं एक घरसुद्धा आहे. पण ते १० अँपिअरचं घर सरळ रेघेचं आहे, नागमोडी रेघेचं नाही. सरळ रेघ म्हणजे डीसी. बॅटरी, सोलर पॅनल, मोटारसायकल, एवढंच त्याच्या हद्दीत येतं. भिंतीतल्या विजेचा करंट तिथं मोजायला जाऊ नये. शिवाय १० अँपिअरसाठी लाल वायर खुपसायचं जे भोक असतं, त्याच्यापाशी बारीक अक्षरांत 'अनफ्यूज्ड' छापलेलं असतं. म्हणजे काही वेडंवाकडं झालं तर मध्ये तुटायला फ्यूजही नाही.

आमच्या गाळ्यातल्या ड्रॉवरमध्ये असाच एक मीटर पडून होता आणि मला अँपिअर मोजायचे होते.

गाळा सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. टॉवेलचे माग, वर पत्रा. त्यातला एक माग उन्हाळ्यात दुपारी बंद पडायचा. सकाळी सुरळीत चालायचा, पत्रा तापला की स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले, म्हणजे मोटर जास्त करंट ओढू लागली की तिला बंद करणारा भाग, उडायचा. थोडा वेळ थांबून बटण दाबलं की पुन्हा चालू, अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा बंद. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणायचा मोटर गेलीय. वाइंडिंगवाला म्हणायचा मोटर ठणठणीत आहे, माग जड चाललाय. माझे दीर म्हणायचे, व्होल्टेज कमी येत असेल. एकानं तर रिलेचा स्क्रू फिरवून आकडा वाढवून टाका, असाही सल्ला दिला. तसं केलं असतं तर रिले गप्प बसला असता आणि एक दिवस मोटर जळली असती. मतं सगळ्यांकडं होती, पण ही मोटर प्रत्यक्षात किती अँपिअर घेते हे एकालाही माहीत नव्हतं. गाळ्याचा हिशेब माझ्याकडं असतो, त्यामुळं मला हे खटकलं. मोजल्याशिवाय खर्चाला हात लावायचा नाही, असं मी सांगून टाकलं.

आमचे वायरमन अण्णा. शहराच्या पूर्व भागातले, परवानाधारक, मागांच्या मोटारींत उभा जन्म गेलेला माणूस. त्यांना फोन केला तर म्हणाले, "मोजू की. पण ताई, तुम्हाला बघायचं असेल तर आधी बल्बवर शिकायचं. थ्री फेजच्या पॅनेलवर पहिला धडा मी कुणालाच देत नाही."

येताना अण्णांनी पिशवीतून पहिली वस्तू काढली ती एक मेलेला मीटर. खोक्याची एक बाजू आतून काळी झालेली, पुढची काच धुरकट. खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याचे प्रोब, मीटरच्या लाल-काळ्या वायरींच्या टोकाच्या सळया. लाल प्रोबचं टोक जागेवर नव्हतंच. जिथं सुईसारखी पितळी अणी असते तिथं ज्वारीच्या दाण्याएवढा वितळून घट्ट झालेला गोळा, आणि त्याच्या मागचं प्लॅस्टिक फुगून फोड आल्यासारखं. कुणा एका कारखान्यात पोरानं अँपिअर मोजायचे म्हणून लाल लीड, म्हणजे लाल प्रोबची वायर, १० अँपिअरच्या भोकात घातली आणि दोन्ही प्रोब सरळ प्लगच्या दोन भोकांत खुपसले. व्होल्ट जसे बघतात तसे. हात थोडक्यात वाचला. अण्णा तो मीटर फेकत नाहीत. नवीन पोरगं हाताखाली आलं की पहिल्या दिवशी त्याच्या हातात देतात.

मग त्यांनी त्याच मीटरचं मागचं झाकण काढून दाखवलं. १० अँपिअरच्या भोकापासून कॉमन भोकापर्यंत एक जाड, कमानीसारखी वाकवलेली तार होती, बाकी काही नाही. तिचा रोध साधारण ओहमचा शंभरावा भाग. ती तार २३० व्होल्टला थेट लावली तर गणित कागदावर २३,००० अँपिअर सांगतं. प्रत्यक्षात घराच्या वायरिंगचा रोध आडवा येतो, म्हणून आकडा तेवढा चढत नाही, पण शेकड्यांनी अँपिअर काही क्षण वाहतात आणि प्रोबचं टोक वितळायला तेवढं पुरतं. व्होल्टच्या घरात हाच मीटर उलटा वागतो. तिथं डिजिटल मीटरचा आतला रोध बहुधा १० मेगाओहम असतो, २३० व्होल्टला लावला तरी त्याच्यातून फक्त २३ मायक्रोअँपिअर जातात. एकाच खोक्यात दोन टोकाची यंत्रं बसवलेली आहेत, आणि लाल लीड कुठल्या भोकात आहे एवढ्यावरच त्यातलं कुठलं चालणार हे ठरतं. डायल फिरवून लीड बदलत नाही. ती हातानंच बदलावी लागते.

अण्णांचं सांगणं असं, "व्होल्ट बघायचे म्हणजे रस्त्याच्या कडेला उभं राहून बघायचं. अँपिअर मोजायचे तर सगळी वाहतूक नाक्यातनं गेली पाहिजे. मीटर म्हणजे तो नाका. रस्ता तोडायचा, मध्ये नाका बसवायचा, मग गाड्या सोडायच्या." म्हणून लोडची, म्हणजे वीज घेणाऱ्या वस्तूची, फेज वायर एका जागी तोडून त्या दोन टोकांच्या मध्ये मीटर येतो. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये तो कधीच येत नाही.

शिकण्यासाठी मी नवी पेठेतून दुसरा मीटर आणला होता. घेताना तीन गोष्टी बघितल्या. अँपिअरच्या घरावर नागमोडी रेघ हवी. भोकांजवळ कॅट थ्री ६०० व्होल्ट असं छापलेलं हवं. आणि १० अँपिअरच्या वाटेवर फ्यूज हवा, तोही काचेचा नको, वाळू भरलेला सिरॅमिकचा हवा. काचेच्या फ्यूजमध्ये तार तुटली तरी मोठ्या करंटला ठिणगीची कमान तशीच पेटती राहू शकते आणि नळी फुटते. वाळू ती कमान विझवते. दुकानातल्या मुलानं मागचं झाकण उघडून दाखवायला थोडी कुरकुर केली, पण दाखवलं.

त्या कॅट या आकड्याबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण मला आधी वाटायचं की ६०० व्होल्ट लिहिलंय म्हणजे झालं, पुढचं ते कंपनीचं काहीतरी असेल. लाईनवर २३० व्होल्ट हा आकडा सतत असा शांत नसतो. मुळात २३० ही वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ घेऊन काढलेली आरएमएस किंमत आहे, प्रत्येक लाटेचं टोक ३२५ व्होल्टपर्यंत जातं. त्यावर कुठं मोठी मोटर बंद झाली, कुठं वीज पडली की क्षणभर हजारो व्होल्टचा झटका वायरीतून धावतो. अशा क्षणी प्रोब लाईनवर असतील तर मीटरच्या आत ठिणगी उडू शकते, आणि एकदा वाट मिळाली की मागून लाईनचा करंट धावतो. तुम्ही ट्रान्सफॉर्मरच्या जितके जवळ, तितका तो जोर मोठा. म्हणून प्लगला लावायच्या घरगुती वस्तूंसाठी कॅट टू, वितरण पॅनेल आणि बसवलेल्या थ्री फेज मोटारींसाठी कॅट थ्री, आणि बाहेरच्या सर्व्हिस वायर नि वीजमीटरपाशी कॅट फोर. प्रोबवरही हाच आकडा असावा लागतो. चांगल्या मीटरला रस्त्यावरचे तीस रुपयांचे प्रोब लावले की मीटरचा आकडा वाया गेला.

धडा जेवणाच्या सुट्टीत सुरू झाला, माग बंद असताना. अण्णांनी एक लाकडी बोर्ड आणला होता. त्याच्यावर प्लगची वायर, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा), ६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की तोडणारा), एक स्विच, एक होल्डर आणि फेजच्या वाटेत स्क्रूवाला प्लॅस्टिकचा कनेक्टर, जो उघडला की वाट तुटते. त्यांनी आधी माझ्याकडं नखशिखांत बघितलं.

"पाटल्या काढा. मंगळसूत्र आत टाका, वाकलं की बाहेर लोंबतंय. पदर खोचा. पायात रबरी चप्पल आहे ना? हां, आता बसा."

सोनं काय, पितळ काय, विजेला सारखंच. हे पुरुषांना सांगायची वेळ कमी येते, अंगठी आणि घड्याळ एवढ्यावर भागतं. आम्हा बायकांच्या अंगावर मात्र लाईनला टेकायला बरंच काही असतं.

बल्ब १०० वॅटचा, जुना तारेचा. आता असे बल्ब शोधावे लागतात. अण्णांनी सांगितलं, आधी गार बल्बचा रोध मोजा. लाईन नाही, बल्ब हातात, मीटर ओहमवर. आकडा ४० च्या आसपास आला. शाळेतला ओहमचा नियम आठवून मी २३० ला ४० नं भागलं. पावणेसहा अँपिअर! म्हणजे तेराशे वॅट. अण्णा हसले, पण बोलले काही नाहीत. "आता लावून बघा," एवढंच.

लावण्याचा क्रम त्यांनी माझ्या हातून करून घेतला आणि घाई करू दिली नाही. बोर्डाचा प्लग भिंतीतून बाहेर काढलेला, माझ्या नजरेसमोर टेबलावर. स्विच बंद आहे यावर विसंबायचं नाही, कारण वायरिंग करणाऱ्यानं स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये टाकला असेल तर बंद स्विचमागंही होल्डर जिवंत असतो. काळी लीड कॉमनमध्ये. लाल लीड १० अँपिअरमध्ये, मिलीअँपिअरच्या भोकात नाही. डायल नागमोडी रेघेच्या अँपिअरवर. काही मीटरवर एसी-डीसी एकाच घरात असतात आणि वेगळं बटण दाबून निवडावं लागतं, माझ्यावर तसंच होतं. चालू केला की तो आपला डीसीवरच उठतो. मग कनेक्टर उघडून फेजची दोन टोकं मोकळी केली, एका टोकाला लाल क्लिप, दुसऱ्याला काळी. अणीदार प्रोब नव्हे, रबराचं टोपण असलेल्या क्रोकोडाइल क्लिपा. कारण अँपिअर मोजताना हातात काहीच धरायचं नसतं. मीटर टेबलावर उभा, आकडा बसल्या जागेवरून दिसेल असा. सगळं लावून झालं, मग हात मांडीवर, मग प्लग भिंतीत, मग स्विच.

०.४३.

चाळीस ओहमचा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. तार पेटून पांढरी झाली की तिचा रोध दहा-बारा पटींहून जास्त वाढतो. ५३० ओहमच्या आसपास जातो. तो सहा अँपिअरचा आकडा खोटा नव्हता, तो फक्त पहिल्या क्षणाचा होता. बल्ब बहुतेक वेळा स्विच दाबतानाच का उडतात याचं उत्तर मला त्या टेबलावर मिळालं. मोटारीचंही असंच असतं, सुरू होताना ती नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते, म्हणून मोटर चालू होत असताना मीटर मध्ये ठेवायचा नसतो. ८ अँपिअरची मोटर सुरुवातीला ४०-५० अँपिअर मागेल, आणि मीटरचा फ्यूज १० चा.

नंतर इस्त्री लावली, १००० वॅटची. ४.३ च्या आसपास. आकडा बघितला की लगेच बंद करायला लावलं. बऱ्याच मीटरवर भोकाशेजारी लिहिलेलं असतं, १० अँपिअर जास्तीत जास्त १० सेकंद, मग पंधरा मिनिटं विश्रांती. ती आतली कमानीसारखी तार तापते, आणि तापली की आकडाही सरकतो.

काढण्याचा क्रम उलटा. आधी प्लग बाहेर, मग क्लिपा, आणि शेवटी लाल लीड उपसून व्होल्टच्या भोकात. हे शेवटचं अण्णांनी माझ्याकडून अक्षरशः घोटवून घेतलं. मीटर ड्रॉवरमध्ये जाताना लीड अँपिअरच्या भोकात राहिली तर उद्या दुसरं कुणी तोच मीटर उचलून प्लगमध्ये व्होल्ट बघायला जाणार, आणि मग ज्वारीचा दाणा.

फ्यूज शाबूत आहे का हे कळायलाही सोपी युक्ती आहे. बऱ्याच मीटरमध्ये डायल ओहमवर ठेवून, व्होल्टच्या भोकातल्या लीडचं टोक अँपिअरच्या भोकात टेकवलं आणि ओहमच्या आतला आकडा आला की फ्यूज जिवंत. काहीच आलं नाही तर तुटलाय. तुटलेल्या फ्यूजचा धोका असा की लोड चालू असूनही मीटर शून्य दाखवतो आणि माणूस निर्धास्त होऊन वायरीला हात घालतो.

त्यावरून अण्णांनी आणखी एक सवय लावली. लाईन बंद आहे का बघायचं तर मीटर आधी चालू लाईनवर तपासायचा, मग बंद केलेल्या जागी, मग पुन्हा चालू लाईनवर. तिन्ही वेळा नीट वागला तरच मधल्या शून्यावर विश्वास. टेस्टरच्या दिव्यावर त्यांचा भरवसा नाही, उन्हात तो पेटलेला दिसतच नाही म्हणतात. आणि उलट बाजूनं, डिजिटल मीटर कधी कधी मेलेल्या वायरीवरही ७०-८० व्होल्ट दाखवतो. शेजारून जिवंत वायर गेलेली असते, तिच्यातून नुसत्या जवळिकीनं एवढं उमटतं, आणि १० मेगाओहमच्या मीटरला तेवढं पुरतं. तिथं एक साधा बल्ब लावला की ते व्होल्ट गायब होतात. खरे असतील तर राहतात.

आता मुख्य काम. अण्णांनी माझा नवा मीटर बाजूला ठेवला आणि टाँग टेस्टर काढला. माझं तोंड थोडं उतरलं असावं.

"ताई, थ्री फेजच्या स्टार्टरमध्ये वायर तोडून मीटर घालणं हा प्रकार मी करत नाही. जबडा उघडायचा, वायरीला विळखा, झालं. वायर तोडायची नाही, उघड्या तांब्याला शिवायचं नाही."

टाँग टेस्टर वायरीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोजतो. एसी सतत बदलत असतो म्हणून जबड्यातल्या गाभ्यावरच्या गुंडाळीत करंट उमटतो, छोट्या ट्रान्सफॉर्मरसारखं. मी आधी उत्साहानं टेबल फॅनच्या अख्ख्या वायरीला जबडा लावला, तर ०.००. अण्णांनी मुद्दामच लावू दिला होता. जाणारा करंट आणि परत येणारा करंट एकाच जबड्यात आले की एकमेकांना खाऊन टाकतात. एकच वायर आत हवी. म्हणून त्यांच्याकडं एक छोटी एक्स्टेन्शन आहे, वरचं वेष्टण काढून फेज, न्यूट्रल, अर्थ वेगवेगळे केलेले, प्रत्येकाचं स्वतःचं इन्सुलेशन मात्र शाबूत. घरी कुठल्याही वस्तूचा करंट बघायला याहून सोपा आणि बिनधोक मार्ग मला तरी दिसत नाही. दोन्ही वायरी एकत्र धरून शून्य येत नसेल, तर जो फरक आहे तो कुठंतरी गळतोय, हेही त्याच शून्यातून कळतं. त्यासाठी मात्र मिलीअँपिअर दाखवणारा बारीक टाँग टेस्टर लागतो.

लहान करंट असेल तर तीच वायर जबड्यातून दहा वेळा फिरवायची आणि आकड्याला दहानं भागायचं. ९ वॅटच्या एलईडीवर करून बघितलं. ०.७० दिसलं, म्हणजे ०.०७ अँपिअर. अण्णांच्या जुन्या टाँग टेस्टरवर तोच एलईडी बराच कमी भरला. दोन्ही मीटर इस्त्रीवर मात्र अगदी सारखे. कारण जुना मीटर सरासरी मोजून तिला १.११ नं गुणतो, आणि हे गणित फक्त स्वच्छ लाटेला लागू पडतं. एलईडी, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर एसी ही मंडळी करंट तुकड्यातुकड्यानं ओढतात. त्यांच्यासाठी 'ट्रू आरएमएस' लिहिलेला मीटर लागतो. ज्यांना नुसत्या साध्या मोटारी बघायच्यात त्यांनी त्यासाठी जास्त पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

सुट्टी संपली, माग सुरू झाले, आणि आम्ही त्या नाठाळ मागापाशी गेलो. मोटर १ एचपीची, पाटीवर १.९ अँपिअर, रिले १.८ वर लावलेला. स्टार्टरचं झाकण अण्णांनी उघडलं, मी दोन हात लांब, वही घेऊन. त्यांनी एक हात पाठीमागं घेतला. कायमची सवय आहे ती. दोन्ही हात पॅनेलमध्ये असले की शॉक एका हातातून दुसऱ्यात जाताना छातीतून जातो.

चालत्या मागावर आकडा स्थिर राहत नाही. मिनिटाला शंभराच्या वर फटके बसतात, प्रत्येक फटक्याला मोटर जरा ओढते, जरा सुटते, आणि डिजिटल आकडा थरथरत राहतो. खालचा-वरचा बघून मधला धरायचा, असं ठरलं. तीन फेजना आर, वाय आणि बी म्हणतात. आर फेज १.५, वाय १.७, बी २.०.

"बी फेजला काहीतरी आहे," मी लगेच म्हणाले.

"आत्ताच नका ठरवू. व्होल्ट घ्या."

आता माझा मल्टिमीटर कामाला आला. लाल लीड व्होल्टच्या भोकात आहे हे त्यांनी स्वतः बघितलं, मग मला मोठ्यानं म्हणायला लावलं. मेन स्विचपाशी तिन्ही जोड्या ४१४ च्या आसपास, दोन-तीन व्होल्ट इकडंतिकडं. दिरांचा व्होल्टेजवरचा आरोप तिथंच निकालात निघाला. मग मोटारीकडं जाणाऱ्या टोकांवर. आर-बी ४१४, वाय-बी ४०८, आर-वाय ३९८. वीज गाळ्यात नीट येत होती आणि स्टार्टरच्या खोक्यातून बाहेर पडताना वाकडी होत होती. व्होल्टेजमधला थोडासा असमतोल मोटारीच्या करंटमध्ये सहा ते दहा पटीनं उमटतो. म्हणून व्होल्टमध्ये दोन-चार टक्क्यांचा फरक आणि अँपिअरमध्ये १.५ ते २.०.

मग अण्णांनी जे केलं ते मला फार आवडलं. माग चालू ठेवून, दोन्ही प्रोब एकाच फेजवर ठेवले, एक आत येताना, एक बाहेर जाताना. एकाच वायरीच्या दोन टोकांत व्होल्ट असायलाच नको. तरी त्यांनी मीटर मोठ्या रेंजवरच ठेवला, कारण मोजता मोजता काँटॅक्टर, म्हणजे स्टार्टरमधला मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, सुटला तर त्याच दोन टोकांवर लाईनचे शेकड्यांनी व्होल्ट येतात. आर फेजवर जवळपास शून्य. बी फेजवर जवळपास शून्य. वाय फेजवर १६ व्होल्ट.

जिच्यावर माझा संशय होता ती बी फेज निर्दोष निघाली. सगळ्यात जास्त अँपिअर ज्या फेजला, दोष त्याच फेजला असतो असं नाही. वाय लंगडी झाली की तिचा भार मोटर दुसऱ्यांवर टाकते, आणि या मोटारीत तो बी वर पडला होता.

मेन बंद केला, स्विचला कुलूप, चावी अण्णांच्या खिशात. चालू-बंद-चालू अशी मीटरची परीक्षा. मग काँटॅक्टर आणि रिलेच्या मधला वाय फेजचा स्क्रू त्यांनी बोटानं हलवला, नुसत्या बोटानं, आणि तो फिरला. मागाच्या हादऱ्यानं महिनोन्‌महिने तो सुटत आला असणार. वायरीचं इन्सुलेशन अर्ध्या पेरापर्यंत तपकिरी होऊन तडकलेलं, आतलं तांबं काळंजांभळं. १६ व्होल्ट गुणिले १.७ अँपिअर, साधारण २७ वॅट उष्णता त्या एका स्क्रूवर, आणि तोही रिलेच्या अगदी अंगावर. ओव्हरलोड रिले म्हणजे आत दोन धातूंची पट्टी असते, ती तापून वाकली की मोटर बंद करते. तिला बी फेजचा जादा करंट तापवत होता, शेजारचा स्क्रू तापवत होता, आणि दुपारी वरून पत्रा. सकाळी पहिले दोनच होते, त्यात ती कशीबशी तग धरायची.

काँटॅक्टर आणि रिले दोन्ही बदलले, वायरीचं जळकं टोक कापून नवा लग, म्हणजे टोकाला बसवायची धातूची टोपी, दाबून बसवला. मोटारीला हात लावावा लागला नाही. पुन्हा मोजलं, १.७, १.७, १.८. रिले पाटीप्रमाणे १.९ वर लावला, एक काटाही जास्त नाही.

१.७ ला ४१४ नं आणि १.७३ नं गुणून मी वहीत १२०० वॅट लिहीत होते, तेवढ्यात अण्णांनी थांबवलं. ते व्होल्टअँपिअर, वॅट नव्हेत. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला खऱ्या वॅटचा हिस्सा, पाऊण धरला तर ९०० च्या आसपास. वीजबिलाचा अंदाज टाँग टेस्टरवरून बांधायचा असेल तर हे विसरू नये, नाहीतर प्रत्येक मोटर चोर वाटायला लागते.

मग ओळीनं सगळेच माग मोजून घ्यायचे ठरले. झाकण अण्णा उघडणार, जबडा तेच लावणार, लिहिणार मी. स्टार्टरच्या खोक्यात मी हात घालत नाही आणि घालायचा विचारही नाही. बोर्डावरच्या एक्स्टेन्शनवर मात्र घरचा फ्रीज, कूलर, मिक्सर मी मोजून ठेवलाय. त्या ओळीत शेवटाकडं एक माग निघाला, तिन्ही फेज २.१. कुणीच वाकडं नाही, सगळे सारखेच जास्त. व्होल्ट सरळ, स्क्रू घट्ट, काँटॅक्टरवर शून्य. अण्णांनी झाकण लावलं, स्क्रू पिळले आणि जॉबरला हाक मारली. तिन्ही सारखेच चढलेत म्हणजे विजेचं काही नाही, माग जड चाललाय. जॉबर आधी मानायला तयार नव्हता, माग आपलाच आहे आणि लोण्यासारखा चालतो म्हणाला. तरी हातानं चाक फिरवून बघितलं, क्रँकशाफ्टच्या बुशात बोट घातलं, कोरडं बोट बाहेर काढलं आणि पोराकडं वळला.

"काय बे, सकाळी तेल घातलास म्हणलास की!"